मोटर फोनवर, माणूस विहिरीवर



आज आपण मोबाईलवरून चालू-बंद होणाऱ्या मोटरबद्दल बोलणार आहोत. मोटर म्हणजे आपली विहिरीवरची, बोअरवरची पाण्याची मोटर. गेल्या दोन-तीन हंगामांत गावोगावी ही पेटी बसू लागली आहे. कोणी तिला मोबाईल स्टार्टर म्हणतं, कोणी मोबाईल स्विच, तर कोणी नुसतीच सिमची पेटी. गटाच्या बैठकीत तिच्यासाठी कर्जाचे अर्जही येऊ लागले आहेत. पेटी घ्यावी का, घेतली तर कशी वापरावी, हे तुम्ही आम्हाला विचारता. म्हणून आजचा विषय हा.

ही पेटी आपल्या भागात का हवीशी वाटते, ते वेगळं सांगायला नको. शेतीची लाईन कधी दिवसा असते, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की अकराला, बाराला लाईन येते आणि उन्हाळी धानाची बांधी पाण्याची वाट पाहत असते. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली, मूल या पट्ट्यात वाघाची भीती. मोहफुलाच्या दिवसांत अस्वलाची भीती. गडचिरोलीकडे २०२१ पासून छत्तीसगडमधून आलेल्या रानटी हत्तींची भर पडली. धुऱ्यावरच्या सापाची भीती तर सगळीकडेच. घरधनी टॉर्च घेऊन निघतो आणि तो परत येईपर्यंत घरातली बाई जागी असते. जिच्या घरी पुरुष माणूस कामासाठी बाहेरगावी गेलेला असतो, ती स्वतःच काठी आणि टॉर्च घेऊन निघते. अशा वेळी घरात बसून फोनचं बटण दाबलं आणि तिकडे मोटर सुरू झाली, तर कोणाला नको वाटेल?

आम्हालाही ती हवीच वाटते. पण तिच्याबद्दल एक गोष्ट आम्ही फार उशिरा शिकलो, तीच आधी सांगतो.

आमच्या एका गटातल्या ताईंचे मालक मिरची तोडायला तेलंगणात गेले होते. आपल्याकडून दरवर्षी किती जोडपी जातात, तुम्हाला माहीत आहे. यंदा धान लावलं होतं म्हणून ताई मागे राहिल्या. मोबाईल स्टार्टर दिवाळीनंतर बसवला होता आणि त्यात नंबर एकच टाकलेला होता, मालकांचा. मालक तिकडून मोटर लावायचे, बंद करायचे आणि ताईंना फोन करून सांगायचे, "लावली बरं का." एक दिवस पाणी कमी येत होतं. ताईंनी फोन करून मोटर बंद करायला सांगितली, मोठ्या मुलाला सोबत घेतलं आणि पाइपचा जोड खोलायला बसल्या. तिकडे मालकांना वाटलं, अर्धा तास झाला, काम झालं असेल. आज लाईन चारलाच जाते, पाणी वाया नको. त्यांनी मोटर लावली.

पाण्याच्या जोरानं जोड निसटला, पाइप उडाला आणि मुलगा बाजूला फेकला गेला. हाताला मार लागला, टाके पडले. विहिरीच्या तोंडाशी बसला होता तो. दोन हात इकडे असता तर काय झालं असतं, हे त्या ताई अजूनही पूर्ण बोलत नाहीत. मालकांची चूक म्हणावी, तर त्यांना दोनशे-तीनशे किलोमीटरवरून काय दिसणार? फोनमध्ये फक्त लिहून आलं होतं, "मोटर बंद आहे." विहिरीजवळ कोण आहे, हे फोन सांगत नाही.

मैत्रिणींनो, आजचं बोलणं याच एका गोष्टीभोवती आहे. पूर्वी मोटर लावणारा माणूस मोटरजवळ उभा असायचा. त्याला विहीर दिसायची, पाइप दिसायचा, जवळ खेळणारं पोर दिसायचं. आता बटण लांब गेलं. बटण दाबणाऱ्याचे डोळे मात्र तिथे पोहोचत नाहीत. ते डोळे आपल्याला दुसऱ्या रीतीनं ठेवावे लागतात.

आता ही पेटी काम कशी करते ते पाहू, म्हणजे पुढच्या गोष्टी लक्षात राहतील.

मोटरचा स्टार्टर आपण सगळ्यांनी पाहिला आहे. हिरवं बटण दाबलं की चालू, लाल दाबलं की बंद. मोबाईलची पेटी या स्टार्टरच्या शेजारी बसते आणि तिच्यातून बारीक तारा स्टार्टरमध्ये जातात. पेटीत एक सिमकार्ड असतं, म्हणजे ती पेटी हाच एक फोन आहे. आपण त्या नंबरवर कॉल केला, ठरलेला आकडा दाबला, की पेटीच्या आतला छोटा स्विच हिरव्या बटणाचं काम करतो. दुसरा आकडा दाबला की लाल बटणाचं. कोणता आकडा कशासाठी, ते प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. काही पेट्या मराठीत बोलून सांगतात, काही मेसेज पाठवतात. मोठ्या फोनमध्ये ॲप असतं. त्यात चालू-बंदची चित्रं असतात, पण मागून काम तेच होतं. ॲप तुमच्या वतीनं पेटीला निरोप पाठवतं. म्हणून ज्या पेट्या कॉल किंवा मेसेजवर चालतात, त्यांना मोठा फोन लागत नाही. साधा बटणाचा फोनही चालतो.

पेटी आणखी दोन-तीन गोष्टी पाहते. तिन्ही फेज आल्या आहेत का, व्होल्टेज पुरेसं आहे का, मोटर किती अँपिअर घेते आहे. एखादी फेज गेली तर चांगली पेटी मोटर बंद करते, नाहीतर मोटर जळते. विहिरीतलं पाणी खाली गेलं आणि मोटर कोरडी फिरू लागली, तर अँपिअर एकदम उतरतात. ते ओळखूनही पेटी मोटर बंद करते. पाच एचपीची तीन फेजची मोटर नीट पाणी ओढत असताना साधारण सात-आठ अँपिअर घेते. तुमच्या मोटरचा नेहमीचा आकडा किती, तो वायरमनकडून समजून घ्या आणि पेटीच्या दारावर खडूनं लिहून ठेवा. मेसेजमध्ये आकडा फार कमी आला तर पाण्याची शंका घ्या. फार जास्त आला तर मोटर अडकली असेल किंवा व्होल्टेज कमी असेल.

ही युक्ती आपल्याच महाराष्ट्रात वाढली, हे ऐकून बरं वाटेल. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी आपल्या आजोबांना रात्री-अपरात्री मोटर लावायला जाताना पाहिलं होतं. त्यांनी मोबाईलवरून मोटर चालवणारं 'नॅनो गणेश' नावाचं यंत्र तयार केलं. २००९ साली नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. आता अनेक कंपन्यांच्या अशा पेट्या बाजारात आहेत.

हीच गोष्ट शहरात गाड्यांमध्येही आली आहे. काही मोटारगाड्या पेट्रोलवरही चालतात आणि घरच्या प्लगला लावून त्यांची बॅटरीही भरता येते. त्यांना प्लग-इन हायब्रिड म्हणतात. मालक घरात बसून फोनवर पाहतो, बॅटरी किती भरली. चार्जिंग किती वाजता सुरू व्हावं ते ठरवतो. निघायच्या आधी गाडी आतून थंड करून ठेवतो. जपानच्या मित्सुबिशी कंपनीच्या आऊटलँडर गाडीला असं ॲप होतं. २०१६ साली इंग्लंडमधल्या जाणकारांनी तपासून दाखवलं की त्या गाडीच्या वायफायचा पासवर्ड शोधून काढता येतो. मग परका माणूस गाडीचे दिवे लावू शकतो, चोर आला तर वाजणारा भोंगाही बंद करू शकतो. कंपनीला ग्राहकांना सांगावं लागलं की दुरुस्ती होईपर्यंत गाडीचं वायफाय बंद ठेवा.

एवढ्या महागाच्या गाडीचं असं होतं, तर आपल्या पेटीचं का होणार नाही? लांबून जे आपल्याला चालू करता येतं, ते लांबून दुसऱ्यालाही चालू करता येऊ शकतं. पेटी नवी येते तेव्हा तिचा आकडी पासवर्ड बहुतेक वेळा एक-दोन-तीन-चार असा सोपा असतो आणि बसवणारा तो तसाच ठेवून जातो. तो त्याच दिवशी बदला. पेटीतल्या सिमचा नंबर दारावर लिहू नका. आणि फक्त नोंदवलेल्या नंबरांचंच पेटीनं ऐकावं, अशी सोय चालू करून घ्या.

आता सुरक्षेच्या गोष्टी. या लिहून घ्या, जिला लिहिता येत नाही तिला शेजारणीनं सांगा.

पहिली गोष्ट. फोनवरून मोटर बंद केली म्हणजे लाईन बंद झाली, असं नाही. स्टार्टर बंद असला तरी त्याच्यापर्यंत आलेल्या तारांत लाईन असतेच. मोबाईलची पेटी त्याच लाईनवर जागी राहते. म्हणून मोटरला, पाइपला, फूटव्हॉल्व्हला किंवा पेटीला हात लावायचा असेल, तर मेन स्विच खाली पाडायचा. हात कोरडे, पायात चप्पल. मेन स्विच पाडल्यावर तिन्ही फ्यूज काढायचे आणि पदराला गाठ मारून सोबत ठेवायचे. फ्यूज आपल्या पदरात आहेत तोवर तेलंगणातून काय, मुंबईतून कोणी बटण दाबलं तरी मोटर फिरणार नाही. मेन स्विच तुटलेला असेल, तारा थेट जोडलेल्या असतील, तर हात लावायचा नाही. वायरमनला बोलवायचं. पेटी उघडून आतल्या तारा हलवणं हे तर वायरमनचंच काम.

दुसरी गोष्ट. मोटर लावण्याआधी विहिरीजवळ कोण आहे ते विचारायचं. त्या ताईंच्या घरी आता नियम झाला आहे. मालक आधी ताईंना फोन करतात. ताई "लावा" म्हणाल्या तरच लावतात. फोन उचलला नाही, तर लावत नाहीत. पाणी एक दिवस कमी मिळालं तर चालेल.

तिसरी गोष्ट. पेटीत 'ऑटो' नावाची सोय असते. लाईन आली की मोटर आपोआप सुरू होते. ऐकायला बरं वाटतं, पण तुम्ही पाइपचा जोड खोलून बसलात आणि गेलेली लाईन परत आली, तर मोटर कोणाला विचारणार नाही. शिवाय एका डीपीवरच्या सगळ्यांनी ऑटो लावलं, तर लाईन आल्याबरोबर सगळ्या मोटरी एकदम भार घेतात आणि डीपी जळते. मग ती बदलून येईपर्यंत सगळ्यांचंच ओलित थांबतं. ऑटोस्विच लावू नका, मोटरला योग्य कॅपॅसिटर बसवा, असं महावितरण वारंवार सांगतं ते यासाठीच. म्हणून ऑटो बंदच ठेवा.

चौथी गोष्ट अर्थिंगची. पावसाळ्याआधी आणि उन्हाळ्यात, दोन्ही वेळा अर्थिंग तपासून घ्या. अर्थिंगच्या खड्ड्याची माती सुकू देऊ नका. पेटीला हात लावल्यावर किंचितही मुंग्या आल्या तर मागे सरा, पोरांना दूर ठेवा आणि त्याच दिवशी वायरमनला दाखवा. कोणाला शॉक लागून तो चिकटला, तर त्याला हातानं ओढू नका. आधी मेन स्विच पाडा. तो जमत नसेल तर कोरड्या लाकडानं माणूस सोडवा आणि १०८ वर फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवा. महावितरणची तक्रार १९१२ वर नोंदवता येते. वनखात्याचा नंबर १९२६ आहे.

आता पेटीला काय जमत नाही, तेही सांगतो. "मोटर चालू आहे" हा मेसेज मोटरपुरता खरा असतो. पाणी बांधीत पोहोचलं का, की मधेच पाइप फुटून शेजाऱ्याच्या वावरात चाललं, हे पेटीला कळत नाही. पेटीला पाणी वळवता येत नाही. एक बांधी भरली की धुरा फोडून दुसरीकडे पाणी सोडायला माणूसच लागतो. म्हणजे पेटी घेतली तरी रात्रीची फेरी आपोआप सुटत नाही, ती सोडवावी लागते. आमच्या काही गटांतल्या बायांनी यावर साध्या वाटा काढल्या आहेत. दिवस मावळायच्या आत बांध्यांची तोंडं अशी मोकळी करून ठेवायची की वरची भरली की पाणी आपोआप खालच्या बांधीत उतरेल. किती तासांत किती भरतं याचा अंदाज दिवसाच्या पाळीत घ्यायचा आणि रात्री घड्याळ पाहून फोनवरून मोटर बंद करायची. ज्यांच्याकडे बोडी किंवा शेततळं आहे, त्या रात्री त्यात पाणी साठवतात आणि सकाळी उजाडल्यावर सोडतात. यातलं काहीच जमत नसेल, तर पेटीवर पैसे घालण्याआधी विचार करा.

आणि बंद करायला विसरू नका. बळीराजा मोफत वीज योजनेत २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या मोटरचं बिल येत नाही. त्यामुळे रात्रभर मोटर चालली तरी खिशाला कळत नाही, पण विहिरीला कळतं. मे महिन्यात जी विहीर तळ दाखवते, त्याच विहिरीवर आपलं प्यायचं पाणीही असतं.

पेटी घ्यायची ठरलीच, तर आधी रेंज पाहा. गावात रेंज आहे म्हणजे शेतात असेलच असं आपल्या जंगलात नसतं. विहिरीजवळ उभं राहून, ज्या कंपनीचं सिम टाकायचं त्याच कंपनीच्या फोनवरून कॉल करून पाहा. सकाळी, संध्याकाळी आणि लाईन गेलेली असताना, तिन्ही वेळा. लाईन गेल्यावर काही टॉवरही झोपतात. बऱ्याच पेट्या टूजीवर चालतात आणि त्यांत जिओचं सिम चालत नाही, कारण जिओचं टूजी नाहीच. दुकानदाराला हे आधी विचारा. पेटीतल्या सिमलाही रिचार्ज लागतो. तो संपला की पेटी मुकी होते आणि रात्री बारा वाजता आपण टॉर्च शोधतो. आता नेट नसलेले, फक्त कॉल आणि मेसेजचे रिचार्जही मिळतात. पेटी कॉल किंवा मेसेजवर चालत असेल तर ते पुरतात. रिचार्जची तारीख गटाच्या पासबुकावर लिहून ठेवा. पेटी बिघडली तर दुरुस्तीला कोण येणार, आणि आपल्या तालुक्यात येणार का, हे बिलावर लिहून घ्या.

आणखी एक वाट आहे, ती म्हणजे रात्रीची पाळीच नको. सौर पंप उन्हावर चालतो, म्हणून काम दिवसा होतं. केंद्राची कुसुम योजना २०१९ पासून आहे, राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना २०२४ ला आली. यात शेतकऱ्याचा वाटा दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याचा पाच टक्के आहे. सातबारा बाईच्या नावावर असेल तर अर्ज तिच्याच नावानं करता येतो. या पंपांनाही फोनशी जोडलेली पेटी असते, म्हणून वर सांगितलेले नियम तिथेही पाळा. पॅनलमधून ऊन असेपर्यंत वीज येतच राहते, हे विसरू नका.

शेवटचा प्रश्न नंबर कोणाचा, हा. पेटीत एकाहून जास्त नंबर नोंदवता येतात. तरी आम्ही पाहिलेल्या बहुतेक पेट्यांत नंबर पुरुषांचेच होते. पाणी द्यायला बाई, चिखलात बाई, पाइप जोडायला बाई. मोटर बंद करायला मात्र तिनं दुसऱ्याला फोन करून विनवायचं. त्या दिवशी ताईंच्या हातात बंद करायचं बटण असतं, तर पाइप उडाल्यावर मोटर लगेच थांबली असती. मुलाला सांभाळावं की मालकांना फोन लावावा, अशी वेळ तरी आली नसती.

म्हणून आमच्या ग्रामसंघानं ठराव केला आहे. मोबाईल स्टार्टरसाठी गटातून कर्ज घ्यायचं, तर तीन अटी. जी बाई ओलित करते तिचा नंबर पेटीत हवा. चालू-बंद कसं करायचं ते तिनं बसवणाऱ्यासमोर स्वतः करून दाखवायचं. आणि मेन स्विच व फ्यूज चांगले आहेत, हे वायरमननं पाहून सांगितल्यावरच कर्जाचा चेक द्यायचा. सुरुवातीला काही भाऊ कुरकुरले. आता तेच विचारतात, "वहिनींचा नंबर टाकला का?"

त्या ताईंच्या मुलाचा हात बरा झाला आहे. पेटीही तिथेच आहे, काढली नाही. तिच्यात आता दोन नंबर आहेत आणि पहिला ताईंचा आहे. विहिरीवर जाताना त्या अजूनही फ्यूज पदराला बांधतात. तुमच्या येत्या बैठकीत एवढंच करा. कोणाकोणाकडे पेटी आहे ते विचारा आणि त्यात कोणाचे नंबर आहेत ते पाहा.